स्क्रिप्ट पुढे पळते, चित्रं मागे राहतात: व्हिज्युअल नॉव्हेलमधली नेहमीची अडचण

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर स्थिर चित्रं आणि खाली मजकूर असलेली, वाचत वाचत खेळायची गोष्ट. पहिला अध्याय लिहून होतो तेव्हा सगळं जमलेलं असतं. तीन पात्रं, दोन जागा, चित्रंही तयार. दुसऱ्या अध्यायात कथेला एक लग्नघर लागतं, एक मामा लागतो. तिसऱ्यात पूर येतो. मग एके दिवशी यादी काढायला बसलं की कळतं, झालेली चित्रं ११ आहेत आणि अजून ४० हवीत. चित्रकाराचा धीर इथे सुटतो आणि सगळं काम फोल्डरमध्ये पडून राहतं. काही महिन्यांनी नवी कथा सुचते, आणि तिसऱ्या अध्यायापाशी पुन्हा तेच.

माझ्या दोन व्हिज्युअल नॉव्हेल अशाच थांबल्या. तिसरी पूर्ण झाली. मधल्या काळात माझ्याकडे पैसे वाढले नव्हते आणि चित्रं काढणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा वेळही वाढला नव्हता. ती शाळेत चित्रकला शिकवते, आठवड्याच्या दोन संध्याकाळी काय त्या तिच्या हाताशी असतात. बदललं ते एवढंच, की चित्रांची मर्यादा मी लिहायला बसण्याआधी ठरवली आणि लिहिताना समोर ठेवली. आधी मी मोकळा सुटायचो आणि हिशेब शेवटी तिच्या टेबलावर जाऊन पडायचा.

कुठे अडतं

दुसऱ्या, अर्ध्यावर राहिलेल्या कामातली ही माझी ओळ:

"मंदा धावत साकव ओलांडते, पाय घसरतो आणि ती वहाळात पडते."

कादंबरीत ही ओळ फुकट आहे. इथे तिची किंमत बघा. साकवाची बॅकग्राउंड. धावणारी मंदा. पडतानाचं पूर्ण पडद्याचं चित्र. आणि सगळ्यात महाग म्हणजे भिजलेली मंदा, कारण ती पुढचे तीन प्रसंग भिजलेलीच असणार. म्हणजे ओले केस आणि ओली साडी घेऊन तिचं अख्खं शरीर नव्याने काढायचं. बहिणीने ओळ वाचली आणि म्हणाली, "दादा, ही एक ओळ म्हणजे माझे दोन महिने आहेत. यातली कुठली चित्रं तुला खरंच हवीत, ते आधी सांग."

मला सांगता आलं नाही. मला एकही चित्र विशेष हवं नव्हतं. मला मंदा घाबरलेली हवी होती, आणि शेवटची गाडी चुकायच्या बेतात असताना ती भिजून स्टँडवर पोचलेली हवी होती.

अडचण नेमकी हीच आहे. आपण कथा-कादंबऱ्या वाचून आणि सिनेमे बघून लिहायला शिकलेलो असतो. तिथे पात्राला चालवणं, कपडे बदलणं, दुसऱ्या गावी नेणं यांचं ओझं लिहिणाऱ्यावर पडत नाही. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये जागा बदलली की चित्र, कपडे बदलले की चित्र, शरीराने काही वेगळं केलं की चित्र. उलट बोलणं, आठवणं, वाट बघणं, दाराआडून ऐकू येणं, गप्प राहणं या गोष्टींना इथे जवळपास काहीच लागत नाही. म्हणजे हे माध्यम ज्यात श्रीमंत आहे तिथे आपण हात आखडतो आणि ज्यात गरीब आहे तिथे उधळतो.

आधी मोजा

चित्रांची संख्या ठरवून काम सुरू करणारे बरेच असतात. "आपण कमीच चित्रं ठेवू" हेही सगळेच म्हणतात. पण चित्रांची किंमत सारखी नसते, म्हणून संख्येने फसगत होते. मी संध्याकाळी मोजतो. चित्र काढणाऱ्या माणसालाच विचारा, की एका गोष्टीला किती संध्याकाळी लागतात, आणि जे उत्तर येईल ते मान्य करा, घासाघीस करू नका. आमचा हिशेब असा निघाला: एका बॅकग्राउंडला ५ संध्याकाळी, एका पात्राच्या शरीराला ३, त्याच्या चेहऱ्याच्या सगळ्या तुकड्यांना २, पूर्ण पडद्याच्या एका चित्राला ६. सहा महिने म्हणजे २६ आठवडे, दर आठवड्याला २, एकूण ५२ संध्याकाळी.

त्यात बसलं ते एवढं: ४ बॅकग्राउंड, ३ पात्रं, २ पूर्ण चित्रं. बेरीज ४७. उरलेल्या ५ संध्याकाळी मी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या, त्या शेवटी कामाला आल्या.

हा कागद भिंतीवर लावला आणि मग कथा ठरवली. कोकणातलं एक छोटं एसटी स्टँड, पावसाळ्यातली रात्र, मंदा, वाहतूक नियंत्रक आणि चहावाला मुलगा. शेवटची गाडी येईल की नाही, हा प्रश्न. जागा आधी ठरल्यामुळे कथेचा जीव गेला असं मला कुठेही वाटलं नाही. माणसं अडकून पडली की बोलतात, आणि मला बोलणंच लिहायचं होतं.

लिहिताना चित्रांची वाट बघायची नाही. रेनपाय (व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचं इंजिन) वापरत असाल तर न काढलेल्या चित्राचं नाव बिनदिक्कत स्क्रिप्टमध्ये लिहा. डेव्हलपर मोडमध्ये ते इंजिन त्या जागी आपोआप एक तात्पुरती आकृती दाखवतं. अख्खी गोष्ट अशी आकृत्यांवर खेळून बघता येते. शिवाय त्याच्या लाँचरमध्ये, म्हणजे काम उघडायच्या खिडकीत, स्क्रिप्ट तपासायची सोय आहे, तिला लिंट म्हणतात. शब्द किती झाले ते ती सांगतेच, पण न सापडणारी चित्रंही दाखवते. मी दर रविवारी लिंट चालवायचो. यादीत नवं नाव दिसलं की त्याच दिवशी निर्णय: ते काढून टाकायचं, की त्याच्या बदल्यात दुसरं काही सोडायचं. रविवार चुकवला की तिसऱ्या अध्यायाचं दुखणं लगेच डोकं वर काढतं, हे मी दोनदा अनुभवलं आहे.

मंदाला पुन्हा लिहिताना

तीच घटना नव्या कामात मी अशी लिहिली. पडदा काळा, पावसाचा आवाज, आणि मजकूर:

"साकवाची चौथी फळी कुजली आहे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. अंधारात ती पायाने फळ्या मोजत निघाली. एक. दोन. मागून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. तीन झाल्या होत्या की दोनच?"

इथे मजकूर थांबतो आणि वहाळाचा आवाज एकदम मोठा होतो. मग स्टँड. मंदाचं तेच नेहमीचं चित्र. वाहतूक नियंत्रक खिडकीतून म्हणतो, "अगो, केवढी भिजलीस! हा घे टॉवेल. आणि बस तिथे बाकड्यावर, गाडी अजून आलेली नाही."

पुढच्या ओळीपासून मंदाच्या खांद्यावर टॉवेल आहे. हा टॉवेल म्हणजे एक सुटा थर. तिच्या शरीरावर ठेवला की तिच्या प्रत्येक चेहऱ्याबरोबर चालतो. ओली साडी कुठेही काढलेली नाही. "पदराच्या टोकातून फरशीवर पाणी ठिबकत होतं" एवढी एक ओळ आहे. ठिबकणारं पाणी तसंही मजकुराच्या चौकटीखाली झाकलं गेलं असतं. सगळ्याला मिळून एक संध्याकाळ लागली. आणि मनापासून सांगतो, पहिल्यांदा खेळून बघणाऱ्या तिघांपैकी दोघांनी साकवाचा प्रसंगच सगळ्यात जास्त लक्षात राहिला असं सांगितलं. तो पडद्यावर कुठेच दिसत नाही.

चेहरे

तीन पात्रं, प्रत्येकी दोन कपडे, दोन उभं राहण्याच्या ढबी, सहा चेहरे. ऐकायला साधं वाटतं, पण गुणाकार ७२ होतो. हे टाळायला चेहरा तुकड्यांत काढा. आम्ही प्रत्येकासाठी ३ भुवया, ४ डोळे, ५ तोंडं काढली. बारा छोटे तुकडे, आणि त्यांच्या जुळण्या ६०. रेनपायमध्ये असे तुकडे एकावर एक जुळवायला लेयर्ड इमेज नावाची सोय आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, ढब बदलली तरी डोकं हलवू नका. डोक्याचा कोन बदलला की बाराही तुकडे नव्याने काढावे लागतात. फक्त हात बदला. हाताची घडी हा सुटा थर पुरतो. दुसरं, ६० जुळण्या आहेत म्हणून ६० वापरू नका. रागाच्या भुवया आणि हसरे डोळे एकत्र आले की माणूस खोटा दिसतो. आम्ही प्रत्येकाच्या ८ जुळण्या निवडल्या आणि त्यांना नावं दिली. मंदाच्या एका जुळणीचं नाव होतं "पैसे मोजताना". लिहिताना "दुःखी" असं नाव असलं की मी ते कुठेही वापरत सुटतो, "पैसे मोजताना" असलं की हात थांबतो आणि मी विचार करतो, आत्ता ती नक्की कशात आहे?

पायही काढू नका. पडद्याचा खालचा पाव भाग मजकुराची चौकट खाते, म्हणून पात्र मांड्यांपर्यंतच पुरतं.

चौथं पात्र हवंच असेल तर

प्रवाशांची गर्दी, चहावाल्याची आई, घाटात गाडी अडकलेला ड्रायव्हर. ही माणसं आमच्या कथेत आहेत, चित्रांत नाहीत. ड्रायव्हर फोनवर आहे. आई टपरीच्या पडद्याआडून ओरडते. गर्दी म्हणजे आवाज आणि काळ्या सावल्यांची एक पट्टी, जी आम्ही उलटी करून दुसऱ्या बाजूलाही वापरली.

सावली म्हणजे काम उरकल्याची खूण, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. १९९४ साली जपानच्या चुनसॉफ्ट कंपनीने सुपर फॅमिकॉम या गेम खेळायच्या यंत्रासाठी 'कामाइताची नो योरु' काढली, तिच्यात सगळीच पात्रं निळसर सावल्या होती. खून कुणी केला हे शोधायच्या गोष्टीत चेहरे झाकलेले असणं हा तोटा नव्हता, कारण वाचणारा प्रत्येक सावलीवर संशय घेत राहतो. मर्यादा कथेच्या स्वभावाशी जुळली की ती अशी कामाला येते.

जागा आणि रात्र

बॅकग्राउंड पडद्यापेक्षा मोठी काढून घ्या. आमचा पडदा १९२० बाय १०८० चा, स्टँडचं चित्र ३८४० बाय २१६० चं. त्याचा कुठलाही पाव तुकडा पूर्ण पडदा भरतो. म्हणून एकाच चित्रातून फलाट, चौकशी खिडकी, बाकडी आणि चहाची टपरी अशा चार जागा मिळाल्या. अख्खं चित्र दाखवलं की रेषा निम्म्या जाडीच्या दिसतात, तेव्हा काढताना हात जड ठेवायला सांगा.

संध्याकाळ आणि रात्र वेगळी काढायची गरज नाही, इंजिनमध्ये रंगछटा देता येते. पण इथे एक चूक हमखास होते. आम्ही स्टँडवर निळी छटा टाकली, आणि स्टँड तर अंधारलं, पण फलाटावरची ट्यूबही विझल्यासारखी निळी पडली. छटा म्हणजे प्रत्येक रंगाला केलेला गुणाकार. पांढऱ्यावर निळी छटा पडली की निळाच उरतो. तासभर आम्ही निळ्याचं प्रमाण कमीजास्त करत बसलो. उपाय वेगळाच होता: ट्यूब, टपरीचा बल्ब आणि खिडकीतला उजेड हे सुट्या थरावर काढून घ्यायचे, छटा फक्त खालच्या थराला द्यायची, आणि उजेडाचा थर वरून मिळवायचा. पात्रांनाही तीच छटा थोडी फिकट करून द्या, नाहीतर माणसं रात्रीवर चिकटवल्यासारखी दिसतात. मग लाइट जाणं फुकट मिळतं. उजेडाचा थर काढला की स्टँड काळोखात. आमच्या कथेत लाइट दोनदा जाते, आणि दुसऱ्यांदा आली तेव्हा बाकडं रिकामं असतं.

फोटो वापरताय तर

फोटोंवर फिल्टर लावून बॅकग्राउंड करणं यात कमीपणा नाही. २००२ साली कोमिकेट या हौशी कलाकारांच्या जपानी जत्रेत विकायला आलेली 'हिगुराशी नो नाकु कोरो नी' ही व्हिज्युअल नॉव्हेल अशीच होती. तिच्या पार्श्वभूमीला शिराकावा-गो या जपानी खेड्याचे फोटो होते, पात्रं हाताने काढलेली आणि ओबडधोबड. लोकांनी ती डोक्यावर घेतली.

फोटोंनी बिघडतं ते उंचीमुळे. मोबाइल उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर क्षितिजाची रेषा समोर उभ्या माणसांच्या डोळ्यांतून जाते. पात्र ठेवताना त्याचे डोळे त्याच रेषेवर ठेवा. पहिल्या मजल्यावरून घेतलेल्या फोटोवर पात्र ठेवलं की ते तरंगतं, आणि कितीही फिल्टर लावले तरी तरंगतच राहतं. ढगाळ दिवशी फोटो घ्या, म्हणजे कडक सावल्यांची दिशा पात्रांशी भांडत नाही. स्टँडवर फोटो घेण्याआधी नियंत्रकांना विचारा, आणि माणसांचे चेहरे व गाड्यांचे नंबर पुसा.

फोटो, हाताने काढलेली पात्रं आणि उधारीवर घेतलेलं एखादं चित्र एकत्र नांदत नसेल, तर रंगांची संख्या बांधून घ्या. जपानी पीसी-९८ संगणकावर ४०९६ रंगांमधून एका वेळी फक्त १६ दाखवता यायचे, आणि तिथले चित्रकार ठिपक्यांची जाळी विणून मधल्या छटा काढायचे. आज कुणी सक्ती करत नाही, पण सगळी चित्रं त्याच १६ रंगांत उतरवली की ती एकाच घरातली दिसू लागतात.

मराठी मजकुराची एक वेगळी अडचण

रेनपायच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे सुरुवातीला चौकोन दिसतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घाला. जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटतात. नव्या आवृत्त्यांत अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही सोय आल्यापासून ती नीट जुळतात, तेव्हा आवृत्ती बदला. कंटाळून मजकुराचीच चित्रं करणारे मी पाहिले आहेत. ते करू नका. प्रत्येक पाटी, प्रत्येक पत्र मग चित्रांच्या यादीत येऊन बसतं, आणि एक वेलांटी सुधारायची तरी चित्रकाराकडे जावं लागतं.

फाटे

वाचणाऱ्याला पुढे काय व्हावं हे निवडायचे पर्याय दिले, गोष्टीला फाटे फुटले, की चित्रांची यादी दुपटीने वाढते, असं धरून चालतात. वाढते ती नव्या फाट्याला नवी जागा दिली तर. आमच्या कथेला चार शेवट आहेत आणि पूर्ण पडद्याची चित्रं दोनच. बाकड्याच्या चित्रात टॉवेल आहे किंवा नाही, एवढ्या फरकावर दोन शेवट उभे आहेत. जपानी मंडळी अशा फरकांना 'साबुन' म्हणतात. फरक छोटा ठेवा, पण वाचणाऱ्याने ती वस्तू आधी तीन-चार वेळा हाताळलेली असली पाहिजे. टॉवेल कुणाचा, कुणी दिला, परत करायचा होता का, हे सगळं बोलण्यात येऊन गेलं असेल तरच रिकाम्या बाकड्यावरचा टॉवेल बोलतो.

एक चित्र किती ओळी पेलतं, हा प्रश्न मला खूप दिवस छळत होता. त्याचं उत्तर मला कुडाळजवळच्या पिंगुळीत मिळालं. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायची कला, बघायला मी गेलो होतो. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. सुट्या पानांवरची चित्रं, अशा संचाला पोथी म्हणतात. एक पान समोर उभं असतं आणि तेवढ्यात गाणारा कितीतरी गाऊन, सांगून घेतो. पान हलत नाही. आवाज मात्र कधी राजाचा, कधी सेवकाचा. घरी येऊन मी माझी स्क्रिप्ट मोठ्याने वाचली, तीही पडदा बंद करून. जिथे कोण बोलतंय ते नाव न घेता कळेना, तिथे मी चेहरा बदलून वेळ मारून नेली होती. अशा सतराएक जागा निघाल्या. त्या सगळ्या संवादात दुरुस्त झाल्या, एकही चित्र न वाढवता.

तरीही यादी वाढली तर

कापायचं कुठून, हे आधी ठरवून ठेवा. दमल्यावर घेतलेले निर्णय चुकतात. आम्ही आधी पूर्ण पडद्याची चित्रं कापतो, कारण ती सहा संध्याकाळी खातात आणि एकदाच दिसतात. मग एकाच प्रसंगात येणारी जागा. मग कपडे. चेहऱ्यांना शेवटपर्यंत हात लावत नाही, कारण वाचणारा सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत असतो.

आमच्या यादीत तिसरं पूर्ण चित्र आलं होतं: मंदा डबा उघडते आणि चहावाल्या मुलाला अर्धी भाकरी देते. मला ते फार हवं होतं. बहिणीने भिंतीवरचा कागद दाखवला. मोकळ्या पाचांपैकी दोन संध्याकाळी उरल्या होत्या. मग तिने मुलाच्या चेहऱ्याचं एक सहावं तोंड काढलं, गाल भरलेलं. डब्याच्या झाकणाचा आवाज मी आमच्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला.